जवळ्याची राखण आणि सातवा महिना

एप्रिल लागला की वेसाव्यात, म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, आगोटीची घाई सुरू होते. 1 जूनपासून होड्या वर ओढायच्या, 31 जुलैपर्यंत समुद्रात जायचं नाही, त्यामुळे पावसाळ्याची बेगमी त्याआधीच उरकावी लागते. वाळवणासाठी उभारलेल्या वलांड्यांवर तोंडात तोंड अडकवून टांगलेले बोंबील आणि खाली जाळ्यांवर पसरलेला जवळा, म्हणजे बारीक कोळंबी. बोंबील एकदा टांगला की त्याचा तो वाळतो. जवळ्यापाशी मात्र माणूस लागतं. कावळे हाकायचे, कुत्री-मांजरं हुसकायची, मधूनमधून खराट्याने खालीवर करायचा. घरात कुणी गरोदर असेल तर ही राखण हमखास तिच्याकडे येते, कारण टोपली उचलायची नाही, नुसतं बसायचं. हेतू चांगलाच असतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

मी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. त्या दिवशी जी येत नाही तिच्या घरी आम्ही जातो. त्या यादीत एक मुलगी होती. पहिलटकरीण, सातवा संपत आलेला, हिमोग्लोबिन कमी, 9.8. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "ती वाळवणावर असंल." आमची आरोग्य स्वयंसेविका आणि मी तिकडे वळलो तेव्हा दुपारचा एक झाला होता.

मोबाइलवर तापमान 34 दाखवत होतं. विदर्भातला माणूस हसेल. वेधशाळाही किनाऱ्यावर पारा 37 च्या पुढे आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेल्याशिवाय उष्णतेची लाट धरत नाही. पण मुंबईच्या हवेत घाम येतो तो सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. गरोदर बाईचं रक्त एरवीपेक्षा 40 ते 50 टक्क्यांनी वाढलेलं असतं, हृदय आधीच जास्त धावत असतं. पोटातलं बाळ आईपेक्षा साधारण अर्ध्या अंशाने गरम असतं आणि त्याची उष्णता आईच्या रक्तावाटेच बाहेर पडते. आईच तापली तर ती जायची कुठे?

प्लास्टिकच्या उलट्या क्रेटवर ती बसली होती. पॉलिस्टरची मॅक्सी, डोक्यावर ओला टॉवेल आणि वर काळी छत्री. म्हणजे काळजी घेतलेली होती. पण छत्री वरचं ऊन अडवते, खालच्या वाळूचं काय? माझ्या चपलेतून चटका लागत होता. तिचे ओठ सुकलेले, चेहरा लालबुंद. मला बघून उठायला गेली आणि परत खाली बसली.

"सिस्टर, पोट मधीमधी दगडावानी होतंय."

पोटावर हात ठेवून थांबले. घट्ट झालं, सुटलं. थोड्या वेळाने पुन्हा घट्ट. समोरच्या एका मावशींच्या घरात तिला आणलं, पंख्याखाली डाव्या कुशीवर झोपवलं. काखेतला ताप 100.8 फॅरनहाइट, नाडी 118. टॉवेल भिजवून मानेवर आणि काखेत ठेवले, ओआरएस कालवून घोट-घोट पाजायला सुरुवात केली. मावशी बर्फ शोधायला लागल्या, त्यांना साधं पाणीच द्या म्हटलं. बाळ हलतंय का विचारलं तर म्हणाली, सकाळपासून लक्ष गेलं नाही. हे उत्तर मला अजिबात आवडत नाही. रिक्षा बोलावली.

प्रसूतिगृहात डॉक्टरांनी तपासलं. बाळाचे ठोके चांगले होते, पिशवीचं तोंड बंद होतं. सलाइन लावलं. संध्याकाळपर्यंत पोट घट्ट होणं थांबलं, ताप उतरला, बाळाने लाथाही मारल्या. अंगातलं पाणी कमी पडलं की गर्भाशय असं आवळायला लागतं. पण आवळणं नुसतं पाण्यामुळे आहे की दिवस भरण्याआधीच्या कळा आहेत, हे घरी झोपून कळत नाही. त्यासाठी तपासणीच लागते.

सलाइन चालू असताना मी विचारलं, "सकाळपासून पाणी किती प्यालीस?"

"एक बाटली. तीपन पुरवून पुरवून."

"का? पाणी नव्हतं?"

"पाणी होतं. पन प्याल्यावर जायचं कुठं? संडास पार तिकडं. तेवढ्या वेळात कावळं जवळा ठेवतात काय?"

आमच्या भिंतीवरच्या तक्त्यावर 'उन्हात जाऊ नका, भरपूर पाणी प्या' असं छापलेलं आहे. बरोबरच आहे ते. पण सातव्या महिन्यात दर तासाला जावं लागतं, हे ज्याने तक्ता छापला त्याला कुणी सांगितलं नसावं. लघवी दाबून ठेवणं आणि पाणी तोडणं या दोन्हींतून जंतुसंसर्गही होतो, म्हणून डॉक्टरांनी लघवी तपासायला पाठवलीच.

मग तिने पर्समधून एक ट्यूब काढली. गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आलं होतं, ते जावं म्हणून मेडिकलमधून आणलेली. वाचलं तर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड, तिन्ही एकात. गरोदरपणात यातलं काही आपल्या मनाने लावायचं नाही. ट्यूब डॉक्टरांच्या टेबलावर गेली. वांग हार्मोन्समुळे येतं आणि उन्हाने गडद होतं. बाळंतपणानंतर बहुतेकींचं हळूहळू फिकं पडतं. लावायचंच तर झिंक ऑक्साइडवालं, एसपीएफ 30 च्या वरचं सनस्क्रीन, तेही दर दोन तासांनी. घामात ते टिकत नाही आणि स्वस्तही नाही, म्हणून माझा भर रुंद काठाच्या टोपीवर आणि सुती ओढणीवर असतो.

सासूबाई संध्याकाळी आल्या त्या तयारीनेच. "आमी काय उन्हात बसलो नाय? चार पोरं झाली. आनि ऊन लागतं हाडांना."

"मावशी, ग्रहणात सुनेला बाहेर सोडता का?"

"छ्या! सुरीसुदीक धरू देत नाय."

"ग्रहणात सूर्य झाकलेला असतो. आता तो उघडा आहे."

त्या हसल्या नाहीत, पण गप्प झाल्या. हाडांचं म्हणाल तर ते खरं आहे, ड जीवनसत्त्व उन्हातून मिळतं. पण त्यासाठी थोडा वेळ पुरतो, कोळीवाड्यातल्या बाईला उन्हाची वानवा नसते. कॅल्शियमच्या गोळ्या आम्ही देतोच.

राखण बंद करा म्हणणं सोपं होतं, कुणी ऐकलं नसतं. म्हणून तडजोड केली. सकाळी जवळा पसरून साडेअकरापर्यंत सुनेने बसायचं, चारनंतर गोळा करायला यायचं. मधली राखण दुसऱ्या कुणी तरी करायची. पोट घट्ट झालं, चक्कर आली, बाळ हललं नाही तर थेट प्रसूतिगृह गाठायचं. आणि संडासासाठी त्या समोरच्याच मावशींना गळ घातली. त्या तयार झाल्या, फक्त बादली तिने नाही, तिच्या नवऱ्याने भरून ठेवायची या अटीवर. नवरा पाय घासत हो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात फेरी मारली तर दुपारच्या उन्हात त्याच क्रेटवर तिची धाकटी जाऊ बसलेली, नुकतंच लग्न झालेली. सवयीप्रमाणे विचारलं, "पाळी कधी आली होती गं?" ती लाजून खाली बघायला लागली. गरोदरपणाच्या अगदी पहिल्या आठवड्यांत आईचं अंग 39 अंश सेल्सिअसच्या वर तापलं तर बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूच्या घडणीला धोका असतो, आणि नेमकं तेव्हाच कुणाला काही माहीत नसतं. आरोग्य स्वयंसेविकेने पिशवीतून निश्चय किट, म्हणजे गरोदरपण तपासायचं किट, काढलं.

सासूबाई लांबून बघत होत्या. जवळ आल्या, धाकट्या सुनेच्या हातातला खराटा घेतला आणि म्हणाल्या, "ऊठ. आता मीच बसते. नायतर ही सिस्टर रोज येईल."