अहवाल, एकांकिका आणि फादरांवरून भांडण

नाताळ आणि नवं वर्ष यांच्या मधल्या आठवड्यात आमच्या वाडीतल्या मंडळाचं स्नेहसंमेलन असतं. कार्यक्रम वर्षानुवर्षं तोच. आधी अहवालवाचन, जे वाचणाऱ्याखेरीज कुणी ऐकत नाही. मग दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव, एक व्याख्यान, एकांकिका आणि शेवटी हौजी. पत्रिकेत कधीही न छापलेला, पण कधी न चुकलेला एक कार्यक्रम आणखी होता: फादर फ्रान्सिस दिब्रिटोंवरून होणारं भांडण.

फादर कॅथलिक धर्मगुरू, वसईतल्या नंदाखालचे, म्हणजे आमच्या लेखी घरचेच. 1983 मध्ये ते ‘सुवार्ता’ या ख्रिस्ती समाजाच्या मासिकाचे संपादक झाले आणि 2007 पर्यंत त्यांनी ते सांभाळलं. प्रार्थना आणि सणवार वाचायला म्हणून उघडलेल्या अंकात विहिरी, जमिनी आणि गुंडगिरी यांवर लिहिलेलं सापडू लागलं, तेव्हा आमच्याकडच्या काही घरांत कपाळावर आठ्या पडल्या. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि फादर सरळ रस्त्यावरच उतरले. केळीच्या आणि पानवेलीच्या बागांवर बिल्डरांची नजर होती, 1990 मध्ये वसई-विरारचं नियोजन सिडकोकडे, म्हणजे शहरं वसवणाऱ्या सरकारी महामंडळाकडे गेलं, जमिनीच्या व्यवहारांत दहशत चालायची आणि त्याबद्दल मोठ्याने बोलायची कुणाची छाती नव्हती. पांढऱ्या झग्यातला माणूस माइकवर उभा राहून ते बोलतो, हे आम्हा पोरांना भारी वाटायचं.

काकांना वाटायचं नाही. काका मंडळाचे खजिनदार, आणि चर्चच्या कायद्याचा त्यांचा अभ्यास पक्का. धर्मगुरूने सत्तेचं पद घेऊ नये, पक्षात काम करू नये, असं कॅनन लॉ सांगतो आणि तो नवा कायदाही 1983 चाच, हे ते दर वर्षी ऐकवायचे. “फादरांनी मिस्सा करावी, मोर्चाला माणसं कमी आहेत काय?” हे त्यांचं पालुपद. मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना. त्यावर आमच्या निवृत्त शाळामास्तरीण बाई खुर्चीतून न उठता म्हणायच्या, “अरे, विहीर खारी झाली तर पवित्र पाणी काय टँकरने आणणार आहेस?” टाळ्या बाईंना पडायच्या. काकांचा मुद्दा मात्र अगदीच फेकून देण्याजोगा नव्हता, हे मला बरंच नंतर कळलं.

टँकर तेव्हा आमच्या डोक्यात बसला होता. पहाटेपासून बागायतींतल्या विहिरींना पंप लागायचे आणि गोडं पाणी नव्या इमारतींकडे जायचं. समुद्र इतका जवळ असताना जमिनीतून बेसुमार उपसा केला की गोड्याची जागा खारं पाणी घेतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता. नारळ आणि पानवेली सांगत होत्या. एका वर्षी पोरांनी त्यावरच एकांकिका बसवली. बांबूच्या सांगाड्याला निळं प्लास्टिक गुंडाळून टँकर केला, आत दोन मुलं, समोर बॅटऱ्यांचे दिवे. तालमीत सगळं ठीक होतं. प्रयोगाच्या दिवशी टँकर विंगेतून बाहेरच येईना, कारण बाकं जोडून केलेल्या रंगमंचाची वाट त्याच्यापेक्षा अरुंद होती. आतली पोरं ढकलतायत, दिवे हलतायत, प्लास्टिक टराटरा फाटतंय. शेवटी पाय दिसणारा टँकर कसाबसा विहिरीपर्यंत पोचला. फादरांचं काम करणाऱ्या मुलाने मिस्सासेवकाचा झगा घातला होता, तो त्याच्या गुडघ्यापर्यंतच यायचा. त्याने हात आडवे करून टँकर अडवला आणि प्रेक्षकांतून कुणीतरी शिट्टी मारली.

पहिल्या रांगेत मंडळाचे एक देणगीदार बसले होते. त्यांच्याच विहिरीवर रोज टँकर भरायचे, हे पडद्याच्या दोरीपाशी उभ्या असलेल्या पोरापासून सगळ्यांना ठाऊक होतं. ते मनापासून हसले, एकांकिकेला खिशातून बक्षीसही दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा पंप नेहमीसारखा सुरू. फादरांच्या लढ्याची खरी अडचण मला त्या सकाळी दिसली. बिल्डर बाहेरचा होता, त्याला घोषणा देता येत होत्या. जमीन आणि पाणी विकणारा आपल्याच पंगतीतला, त्याच्याविरुद्ध घोषणा कशी द्यायची? फादर ते प्रवचनातून आणि लेखातून बोलत राहिले आणि त्यापायी माणसंही दुरावली.

हरित वसईने सिमेंट थांबवलं असं कुणी म्हणत असेल, तर त्याने संध्याकाळी सातला नालासोपारा स्टेशनबाहेर उभं राहून बघावं. रेल्वेच्या पश्चिमेला समुद्राकडच्या पट्ट्यात जी हिरवळ अजून दिसते, तिच्यामागे मात्र त्या लढ्याचा हात आहे, हे काकाही कबूल करायचे, अर्थात खासगीत. फादर कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत. त्यामुळेच त्यांचं राजकारण ऐकून घेतलं गेलं, असं माझं मत आहे. तिकडे बायबलच्या मराठी अनुवादाचं कामही चालूच होतं. 2013 मध्ये त्यासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

मंडळाचं 2019 चं स्नेहसंमेलन वेगळंच रंगलं. उस्मानाबादच्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद फादरांना मिळालं होतं. त्या पदावर येणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. काही संघटनांनी विरोध चालवला होता, धमक्यांचे फोन आल्याच्या बातम्या होत्या. सगळ्यात जास्त कोण भडकलं असेल तर काका! साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद हे सत्तेचं पद होत नाही, कॅनन लॉ इथे लागूच नाही, असा निवाडा त्यांनी हौजीचे आकडे थांबवून दिला. पुढे जानेवारी 2020 मध्ये फादर पाठीचं दुखणं घेऊनच उस्मानाबादच्या मंचावर गेले आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्याची बाजू मांडून आले.

25 जुलै 2024 ला फादर गेले. त्या डिसेंबरला मंडळाने व्याख्यानाऐवजी मुलांची वादविवाद स्पर्धा ठेवली. विषय अर्थातच ‘धर्मगुरूने राजकारणात पडावे काय?’ बाजूने बोलणाऱ्या मुलाने फादरांचं सगळं आयुष्य तोंडपाठ करून आणलं होतं. विरोधात अकरावीतली मुलगी होती. ती एवढंच म्हणाली, “पाणी वाचवायला पाद्र्याला रस्त्यावर यावं लागलं. मग ज्यांना मतं दिली होती, ते काय करत होते?” परीक्षक एकमेकांकडे बघायला लागले. हे विरोधात धरायचं की बाजूने, यावर दहा मिनिटं खल झाला. काका पहिल्या रांगेतून ओरडले, विरोधातच धरा. तिला पहिलं बक्षीस दिलं, तर हरलेल्या मुलाचे वडील नियमावली मागायला लागले आणि मागून पोरं हौजीसाठी खुर्च्या ओढायला लागली.