तुम्ही विचारलंत म्हणून : साठीचा हिरो वीस जणांना लोळवतो तो कसा?

लातूर असो, अंबाजोगाई असो की हिंगोली, शॉर्टफिल्म करणारी चार पोरं भेटली की हा प्रश्न ठरलेला. "गोष्ट तयार आहे. वरपर्यंत हात पोचलेलं कारस्थान आणि त्याच्या मागं लागलेला एकटा म्हातारा. काकाही मिळालेत, साठी ओलांडलेले, नाटकात मुरलेले. पण मारामारीचं काय करायचं? ते मोठ्या पडद्यावरचे म्हातारे हिरो खरंच करतात का हो सगळं?"

काही जण बरंच करतात. टॉम क्रूझनं 2017 च्या ऑगस्टमध्ये लंडनला एका इमारतीवरून दुसरीवर उडी घेताना घोटा मोडून घेतला, तेव्हा तो 55 वर्षांचा होता. शूटिंग कित्येक आठवडे बंद राहिलं आणि घोटा मोडला तो शॉट तसाच सिनेमात आला. तुमच्याकडं तेवढा विमाही नाही आणि तेवढे आठवडेही नाहीत, तेव्हा तो रस्ता सोडा. दुसरा रस्ता लियाम नीसनचा. 1952 चा जन्म, 'टेकन' आला 2008 मध्ये, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर गडी मारामारीचा हिरो झाला. तिथं तो फार उड्या मारत नाही. अरुंद खोलीत, हातभर अंतरावर, कोपर आणि दाराची कड वापरून दोन-तीन फटक्यांत काम संपवतो. त्याच मालिकेच्या तिसऱ्या भागात मात्र तो एक जाळीचं कुंपण ओलांडतो आणि त्या जेमतेम सहा-सात सेकंदांत डझनभराहून जास्त कट, म्हणजे जोडलेले तुकडे, आहेत. लोक अजून हसतात त्याला. वय झाकायला कात्री चालवली की कात्रीच दिसते.

म्हणून काकांच्या गुडघ्याचा विचार फाइट मास्टरच्या आधी लेखकानं करायचा. कारस्थानाची गोष्ट म्हाताऱ्याला एक हत्यार फुकटात देते : त्याला जुनं माहीत असतं. कुठल्या कागदावर कोणाची सही असायला हवी, कोणता रस्ता कुठं निघतो, कोण कोणाचा साडू. पंचविशीच्या हिरोला जे पळून शोधावं लागतं, ते याला नुसतं आठवतं. त्याला निवृत्त फौजदार करा, तलाठी करा, कालव्यावरचा माणूस करा. माझं मत विचाराल तर टँकरचा जुना ड्रायव्हर.

आपल्याकडं पाण्याच्या गोष्टीला प्रस्तावना लागत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्यांनी पाहिलंय. आता टँकरच्या खेपांची वही घ्या. भरायचं ठिकाण गावापासून 40 किलोमीटर. भरलेला टँकर ताशी 30 नं गेला तर एक तास वीस मिनिटं. रिकामा परत यायला तास. भरायला अर्धा तास, विहिरीत सोडायला अर्धा तास. एक खेप सव्वातीन तासांच्याही वर जाते. म्हणजे सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात गावात पाणी पडणार फार तर दोनदा. वहीत पाच खेपा, पाचही खाली सरपंचाचा अंगठा. हे कलेक्टरला दिसणार नाही, पत्रकाराला दिसणार नाही. ज्यानं वीस वर्षं ते स्टिअरिंग धरलंय, त्याला उभ्या-उभ्या दिसेल. असा एक कागद पहिल्या पाव भागात प्रेक्षकाच्या हातात द्या. कारस्थान कळलं नाही तर मारामारी नुसती धूळ.

अशा गोष्टी नेहमी एकाच जागी फसतात. लेखक हळूहळू सगळ्यांनाच सामील करतो : फौजदार, आमदार, मास्तर, शेवटी हिरोचा जावईसुद्धा. सगळेच चोर निघाले की धक्का कोणाचा बसणार? फायदा नेमका कोणाचा, ते लिहून काढा. तीन माणसं पुरतात, आणि त्यातल्या एकाला आपण काय करतोय याचा पत्ताही नसावा. वॉटरगेटच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निक्सनला खुर्ची सोडायला लावणाऱ्या भानगडीच्या, दिवसांत अमेरिकेत कारस्थानाचे सिनेमे जोरात होते. 1975 च्या 'थ्री डेज ऑफ द कॉन्डॉर'मध्ये रॉबर्ट रेडफर्ड आपल्याच गुप्तहेर खात्यापासून जीव घेऊन पळतो. तोच रेडफर्ड 2014 मध्ये, 77 व्या वर्षी, 'कॅप्टन अमेरिका'च्या दुसऱ्या भागात कारस्थानाचा म्होरक्या म्हणून खुर्चीत बसलेला दिसतो. तुमच्या गावात दोन दमदार म्हातारे असतील तर हेही ध्यानात ठेवा.

आता मारामारी. वीस जण म्हणजे प्रत्यक्षात सहा पोरं आणि शर्टांचं गाठोडं. मोकळ्या मैदानात घेऊ नका. सहा जण गोल करून उभे राहतात आणि आपली पाळी येईपर्यंत नुसते नाचतात, तो सगळा खेळ उघडा पडतो. जिथून एका वेळी एकच जण येऊ शकेल अशी जागा हवी. मोंढ्यातल्या पोत्यांच्या थप्प्यांमधली बोळ, हंगाम नसतानाचं गुऱ्हाळ, कापसाच्या जिनिंगमधली गाठींची गल्ली. कापसाची एक गाठ 170 किलोची असते, तेव्हा रचलेल्या थप्पीवर कोणी चढायचं नाही. आणि जिनिंगमध्ये ठिणगी, फटाका, बिडी, काही म्हणजे काही नको.

एका मिनिटाच्या फाइटला पंचवीस-तीस शॉट धरा. त्यातले आठ-दहाच काकांचे : डोळे, मूठ आवळणं, मनगट पकडणं, फटका बसल्यावरची मान, पडलेल्याकडं बघणं. बाकी डुप्लिकेटचे, पाठीमागून किंवा सजेशनमध्ये, म्हणजे फ्रेमच्या कडेला नुसता खांदा दिसेल असे. डुप्लिकेट शोधताना तोंडावर जाऊ नका, खांद्यांची रुंदी आणि चाल बघा. विगचा खर्च आपल्या भागात वाचतो, कारण डोक्याला रुमाल बांधलेला म्हातारा पाठमोरा कोणीही होऊ शकतो. फक्त रुमालाचा सोगा कोणत्या खांद्यावर आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नव्वद टक्के घोळ तिथं होतो. पांढऱ्या सदऱ्याचे तीन सारखे जोड लागतील : एक स्वच्छ, एक मळलेला, एक रक्ताचा.

कट न करता माणूस बदलायची जुनी युक्ती म्हणजे टेक्सास स्विच. काका पळत येतात आणि खांबाआड जातात. तिथं आधीच दबा धरून बसलेला डुप्लिकेट दुसऱ्या बाजूनं बाहेर पडून उडी घेतो. पलीकडच्या भिंतीमागं काका बसलेलेच असतात, तिथून ते उठून तोंड दाखवतात. कॅमेरा एकाच वेगानं सरकत राहायला हवा. खांबाशी तो जरा जरी थबकला, तरी प्रेक्षकाला वास येतो.

ठोसा अंगाला लागत नाही, रेषेत लागतो. मारणारा आणि खाणारा यांच्यात फूट-दीड फूट अंतर, कॅमेरा खाणाऱ्याच्या पाठीमागं खांद्यावरून, आणि मूठ तोंडासमोरून आडवी जाते. लांब लेन्स, 85 मिलिमीटरच्या आसपास, हे अंतर गिळून टाकते. मोबाइलची वाइड लेन्स ते उघडं पाडते. मान मुठीच्या दिशेनं आणि मुठीबरोबरच वळली पाहिजे. मान आधी वळली तर नाटक दिसतं, उशिरा वळली तर दात जातो.

वेगासाठी मोठे लोक सेकंदाला 24 ऐवजी 22 फ्रेमनं शूट करून 24 नं दाखवतात, हालचाल साधारण नऊ टक्के जलद होते. मोबाइलवर 25 नं घ्या आणि एडिटमध्ये 108 ते 110 टक्के करा. 115 च्या पुढं गेलात की काका मूकपटातले वाटतात. मागं माणसं चालत असतील किंवा झेंडा फडकत असेल तर त्या शॉटला हात लावू नका. शटर 1/100 ठेवा : हालचाल कडक दिसते, आणि आपली वीज 50 हर्ट्झची असल्यानं ट्यूबच्या उजेडात पट्टे येत नाहीत.

आवाज नंतर वेगळा घ्यायचा. ओली गोधडी काठीनं बडवली की पोटातला ठोसा. वाळलेलं कडब्याचं ताट माइकजवळ मोडलं की बोट मोडल्याचा आवाज, आणि हाड हवं असेल तर ऊस. परदेशी साउंड लायब्ररीतला 'ढिशूम' घालून छान फाइटची माती केलेली पुष्कळ दिसते.

फुटणारी काच साखरेची होते : साडेतीन वाट्या साखर, दोन वाट्या पाणी, एक वाटी लिक्विड ग्लुकोज, लिंबाचे चार थेंब. 150 अंशांपर्यंत उकळायचं, तेल लावलेल्या ताटात ओतायचं. 140 ला उतरवलं तर फुटायच्या ऐवजी वाकते, 160 ला नेलं तर पिवळी पडते. त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी चिकट होऊन मुंग्या लागतात. हिच्याही कडा कापतात, म्हणून डोळ्यांच्या आसपास फोडायची नाही. रक्ताला काकवीत खायचा लाल रंग पुरतो.

जिवाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. 1982 मध्ये 'कुली'च्या सेटवर टेबलाचा कोपरा पोटात लागून अमिताभ बच्चन मरणाच्या दारातून परतले, तेव्हा ते चाळिशीचेही नव्हते. टेबल, ओटा, पायरी, जे काही पडण्याच्या रेषेत येतं त्याच्या कडेला फोम बांधा. काकांना धोतराआत नी-पॅड, रबरी तळव्याची चप्पल घोट्याला बांधलेली, आधी वीस मिनिटं अंग मोकळं करणं. त्यांचे सगळे अवघड शॉट सकाळी दहाच्या आत. मे महिन्यात तर दुपारी त्यांना उभंच करू नका. शिडीच्या दोन पायऱ्यांवरून जास्त उंच पडणं असेल तर डुप्लिकेटलाही लावू नका, ते काम प्रशिक्षित स्टंटवाल्याचं.

बंदूक खेळण्यातलीच, जाळ आणि आवाज एडिटमध्ये. 1993 मध्ये नट ब्रँडन ली आणि 2021 मध्ये 'रस्ट' सिनेमाची कॅमेरावुमन, दोघंही सेटवरच्या खऱ्या बंदुकीनं गेले. खेळण्यातली असली तरी ठाण्यात आधी लेखी कळवा आणि शिक्क्याची प्रत खिशात ठेवा. भर बाजारात पिस्तूल काढलेला म्हातारा बघून लोक आधी कॅमेरा शोधत नाहीत. देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत, शूट करायची हौस प्रत्येकाला असते, पण तो पुरातत्त्व खात्याचा आहे आणि परवानगीशिवाय ट्रायपॉडही लावता येत नाही.

एक शॉट मात्र डुप्लिकेटला देताच येत नाही, तो पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा. मारामारी संपलीय, काका पोत्यावर बसलेत, सुटलेला रुमाल पुन्हा बांधतायत आणि हात थरथरतोय. कट म्हणू नका, मिनिटभर चालू द्या. छातीजवळ वेगळा माइक लावून त्यांचा खरा श्वास दोन मिनिटं रेकॉर्ड करा, एक जिना सावकाश चढून आल्यावरचा. तोच पुढं सगळ्या फाइटखाली घालायचा आहे, डुप्लिकेटच्या शॉटखालीसुद्धा.