आधी पोते, मग थर्मामीटर, रेसिपी शेवटी

घरी बिअर करणारे सगळ्यात जास्त बोलतात ते रेसिपीवर. बॅच बिघडते मात्र बहुतेक वेळा दोन कारणांनी: माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) सादळलेले असते, नाहीतर फर्मेंटर (बिअर आंबवण्याचे भांडे) तापलेला असतो. म्हणून हाताशी कोणता दाणा आहे आणि पुढचे तीन आठवडे खोलीत किती तापमान राहणार आहे, हे आधी बघायचे. त्या दोन उत्तरांतून जी बिअर निघेल ती करायची.

दाण्याचा हिशेब सोपा आहे. बार्लीच्या एक किलो चांगल्या माल्टमधून पूर्ण उतारा (दाण्यातून पाण्यात उतरणारी साखर) आला तर एका लिटरमागे सुमारे ३०० गुण मिळतात (गुरुत्व म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता; १.०५० गुरुत्व म्हणजे ५० गुण). घरचा मॅश (भरडलेले माल्ट गरम पाण्यात भिजवून साखर काढणे) ७५ टक्के उतारा देतो असे धरले तर किलोला २२५ गुण. २० लिटर वॉर्ट (मॅशमधून गाळलेला गोड रस) १.०५० ला हवे असेल तर १००० गुण लागतात, म्हणजे साडेचार किलोला थोडे कमी. २५ किलोच्या पोत्यात अशा पाच बॅचेस होतात आणि अडीच-तीन किलो उरते. पाच बॅचेस किती महिन्यांत होणार हे प्रामाणिकपणे ठरवा आणि तेवढेच बेस माल्ट (बिअरचे मुख्य माल्ट) घ्या. रंगाची आणि चवीची माल्टे किलो-किलोने घेतली तरी पुरतात.

माल्ट अख्खेच साठवा. भरडलेल्या माल्टला हवा आणि ओलावा लगेच भिडतो, त्यामुळे ते दोन-तीन आठवड्यांत संपवायला हवे. अख्खा दाणा थंड, कोरड्या जागी, घट्ट झाकणाच्या पिंपात वर्षभर नीट राहतो. चांगल्या माल्टमध्ये ४ ते ५ टक्के ओलावा असतो. तपासायला दातच पुरेत: दाणा कुरकुरीत तुटून पिठूळ लागला तर उत्तम, चिवट लागला तर तो सादळला. सादळलेला दाणा गिरणीत फुटत नाही, चपटा होतो, आणि मग उतारा का घसरला याचा शोध मॅशमध्ये घेत बसावे लागते. भरडण्याआधी दाण्यावर वजनाच्या १ ते २ टक्के पाणी फवारतात, ती वेगळी गोष्ट. त्यात फक्त वरचे फोलपट मऊ होते, आतला दाणा कोरडाच राहतो आणि फोलपट अख्खे राहिल्याने गाळणी चांगली होते. पाच किलोला ५० ते १०० ग्रॅम पाणी, दहा मिनिटे थांबा, मग भरडा.

पावसाळी दमट हवेत सोंडे हमखास होतात. नवा माल आला की लहान पिशव्यांत भरून उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवा, अंडीसुद्धा मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. घाई केली तर थंड दाण्यावर दव धरते आणि कीड घालवण्याच्या नादात माल्ट सादळते.

नेहमीचे बेस माल्ट मिळेनासे झाले की लोक हाती येईल ते टाकतात. इथे एन्झाइमची, म्हणजे स्टार्चची साखर करणाऱ्या घटकांची, ताकद मोजा. पिल्सनर किंवा पेल या फिक्या माल्टची ताकद साधारण १०० लिंटनरच्या (हे ती मोजण्याचे एकक) आसपास असते, गडद म्युनिक माल्टची बरीच कमी. सगळ्या मिश्रणाची सरासरी ३५-४० च्या खाली गेली की स्टार्च उरतो. तीन किलो पिल्सनरला दीड किलो तांदूळ (त्याची ताकद शून्य धरा) जोडला तर ३०० भागिले साडेचार, म्हणजे ६७, काळजी नाही. तेच ४५ लिंटनरच्या म्युनिकने केले तर सरासरी ३० येते आणि बिअर गढूळ, जड राहते. शंका असेल तर मॅशचा एक थेंब पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर आयोडीन टाका. निळा-काळा रंग आला तर अजून थांबायचे.

कच्चा तांदूळ किंवा मका थेट मॅशमध्ये टाकून उपयोग नाही. त्यातला स्टार्च मॅशच्या ६६-६७ अंशांना पुरता फुलत नाही. तो भरडून, त्याच्या वजनाच्या १५-२० टक्के माल्ट मिसळून ७० अंशांवर दहा मिनिटे ठेवा, मग वीस-तीस मिनिटे उकळून मुख्य मॅशमध्ये मिसळा. ते थोडे माल्ट नसेल तर खळ होऊन भांड्याच्या बुडाला लागते. पोह्यांसारखे चपटे केलेले धान्य आधीच फुललेले असते, त्याला हा खटाटोप लागत नाही.

पोत्यावरचे नाव तेच असले तरी आतले पीक बदलते. नव्या हंगामाच्या बार्लीत प्रथिने आणि उतारा वेगळा असू शकतो, म्हणून मिळत असेल तर त्या लॉटचे विश्लेषण मागून घ्या. नव्या पोत्याची पहिली बॅच साधी ठेवा आणि उकळण्याआधी गुरुत्व मोजा. कमी आले तर सुके माल्ट एक्स्ट्रॅक्ट (वॉर्ट आटवून केलेली पूड) हाताशी असू द्या: २० लिटरमध्ये १०० ग्रॅम टाकले की जवळपास दोन गुण वाढतात.

आता हवा. बव्हेरियात १५५३ मध्ये ड्यूकने फर्मान काढले की २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात बिअर करायची. उन्हाळ्यातल्या बिअरी नासत होत्या हेच त्यामागचे कारण. कार्ल फॉन लिंडे यांची शीतयंत्रे १८७० च्या दशकात म्युनिकच्या ब्रुअरीत आली तेव्हा कुठे ही ऋतूची बेडी सुटू लागली. ज्याच्याकडे फर्मेंटरसाठी वेगळा फ्रिज नाही, त्याच्या पायात ती आजही आहे.

कारण यीस्ट स्वतः उष्णता सोडते. १.०५० च्या २० लिटर वॉर्टमधून किण्वनात साधारण १००० किलोजूल बाहेर पडतात. ही उष्णता बाहेर जाऊच दिली नाही तर वॉर्ट १२ अंशांनी तापेल. एरवीही जोर असताना फर्मेंटरचे पोट खोलीपेक्षा ३ ते ५ अंश गरम असते, म्हणून थर्मामीटर भिंतीला न लावता फर्मेंटरच्या अंगाला लावा, वरून फोमची पट्टी. खोली २४ ला असेल तर आत २८, आणि एल (मध्यम तापमानाला आंबणारी बिअर) करणाऱ्या साध्या यीस्टला तिथे फ्यूजेल (जड, झणझणीत) अल्कोहोल व सॉल्व्हंटचा वास येतो. तो पुढे मुरवूनही जात नाही.

एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोजूल शोषतो, म्हणजे पूर्ण किण्वनाची उष्णता तीन किलो बर्फात मावते. टबातले पाणी आणि खोलीची ऊब धरून दुप्पट लागेल असे समजा. फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवा आणि गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला. पहिले ७२ तास हे इमाने केले की काम झाले, नंतर दोन-तीन अंश चढू दिले तरी चालते, उलट डायअॅसिटिल (लोण्यासारखी चव देणारा घटक) साफ व्हायला मदतच होते. ओला पंचा आणि पंखा हा उपाय कोरड्या हवेतच चालतो. दमट दिवसांत पाणी उडतच नाही, तिथे बर्फच लागतो.

खरा शहाणपणा यीस्ट बदलण्यात आहे. नॉर्वेच्या शेतघरांतले क्वाइक यीस्ट ३० ते ४० अंशांत मजेत चालते, सेझों या बेल्जियन बिअरची बरीच यीस्टे २८-३० पेलतात. कडक उन्हाळ्यात ही दोन, मध्यम दिवसांत एल, आणि खोली १० ते १२ वर स्थिर राहत असेल तेव्हाच लागर (थंडीत आंबवायची बिअर). हलक्या वॉर्टमध्ये क्वाइकला यीस्ट न्यूट्रिएंट लागते, नाहीतर ते अर्ध्यात रेंगाळते.

नळाचे पाणी २८ अंश असेल तर कॉइल चिलर (नळाचे पाणी फिरवून वॉर्ट गार करणारी वेटोळी नळी) वॉर्टला त्याखाली नेणार नाही. आधी ३५ पर्यंत नळावर उतरवा, मग छोट्या पंपाने बर्फाचे पाणी फिरवा. सुरुवातीपासून बर्फ वापरला तर तो उकळत्या वॉर्टवर वाया जातो. ऋतूचा परिणाम मॅशच्या पाण्यावरही होतो: किलोला तीन लिटर पाणी आणि ६७ अंशांचा मॅश हवा असेल तर ३० अंशांच्या दाण्याला ७२ अंशांचे पाणी पुरते, १० अंशांच्या दाण्याला जवळपास ७५ लागते. शिवाय थंड भांडे उष्णता खाते, ते आधी गरम पाण्याने विसळून घ्या.

पुरवठाच आटला तर घरी माल्ट करता येते, पण तेही थंडीतच. बियाण्याची बार्ली कधीही घेऊ नका, तिला बुरशीनाशक चोळलेले असते. खाण्याच्या प्रतीची, फोलपटासकट घ्या आणि शंभर दाणे ओल्या कागदात ठेवून बघा: तीन दिवसांत ९५ ला मोड यायला हवेत. मग आठ तास पाण्यात, आठ तास निथळत हवेवर, असे आलटून पालटून भिजवा. १२ टक्के ओलाव्याची एक किलो बार्ली १.६ किलो भरली की ओलावा ४५ टक्क्यांवर आला, भिजवणे थांबवा. १५ ते १८ अंशांवर, पाच सेंटिमीटरच्या थरात, दिवसातून दोन-तीनदा हलवत चार-पाच दिवस. थराला काकडीसारखा वास येतो. आंबूस वास आला तर बुरशी धरते आहे. फोलपटाखालचा कोंब दाण्याच्या पाऊण लांबीला पोचला की वाळवायला घ्या: आधी ४० ते ५० अंशांवर पूर्ण कोरडे, मगच ८० अंशांवर तीन-चार तास. ओल्या दाण्याला थेट ८० दिले तर एन्झाइम मरतात आणि मॅश गोड होत नाही. मुळे चोळून पाखडून टाका, नाहीतर कडवटपणा येतो. एक किलोचे ८०० ग्रॅमच्या आसपास हाती येते. ते तीन आठवडे बंद पिंपात मुरू द्या, मग भरडा.