झोप लागते की!

लग्नात, हळदीकुंकवाला, मंडईत कोथिंबिरीची जुडी निवडतानासुद्धा मला एक प्रश्न ठरलेला असतो. "रात्री अकरानंतर एकटीच भुताचे व्हिडिओ बघत बसतेस म्हणे? झोप कशी लागते गं तुला?" परवा एका डोहाळजेवणात तिसऱ्यांदा विचारलं गेलं, तेव्हा तोंडात शेंगापोळी होती म्हणून नुसती हसले. आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

झोप लागते की! मी टॉवेलच्या कारखान्याचे हिशेब लिहिते. माझी झोप उडते ती मार्चअखेरीला, ताळा जुळला नाही तर.

पण भीती वाटते, हे कबूल. नसती वाटली तर डेटा कशाला जाळला असता? फक्त ती मला डोळ्यांनी नाही, कानांनी वाटते. पांढरी साडी, मोकळे केस, उलटे पाय यांनी माझं काही होत नाही. एकदम मोठा आवाज करून दचकवणं तर कुकरलाही जमतं. आवाज थांबला, की मात्र मी चादर गळ्यापर्यंत ओढून घेते.

हे असं का, तर माझं लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात गेलं. आमच्या मागच्या भिंतीला यंत्रमागांचा कारखाना लागून होता. दिवसरात्र खटखट. पाहुणे वैतागायचे, आम्हाला ती ऐकूच यायची नाही. ऐकू यायची ती लाइट गेल्यावर. सगळे माग एका दमात बंद पडायचे आणि कान एकदम मोठे झाल्यासारखे वाटायचे. कुणीतरी खोकलं, माठावर भांडं ठेवलं, सगळं अंगावर यायचं.

शेजारी तेलुगू अव्वा राहायच्या. त्या विड्या वळायच्या. मांडीवर सूप, पत्र्याचा साचा तेंदूच्या पानावर ठेवून कात्रीनं कचकच कापायच्या, तंबाखू भरून वळायच्या, वर दोऱ्याचा वेढा. हात न थांबवता आम्हा पोरांना दय्यमच्या गोष्टी सांगायच्या. तेलुगूत भुताला दय्यम म्हणतात. मागांमुळे गोष्ट ओरडूनच सांगावी लागायची आणि ओरडून सांगितलेल्या भुताला कोण भिणार? पण ऐन जागी आल्या की अव्वा कात्री थांबवायच्या. बोलायच्या काहीच नाहीत. पान तसंच हातात. तेवढ्यात लाइट गेली तर विचारू नका.

तीच थांबलेली कात्री मी आजही व्हिडिओंमध्ये शोधत असते. म्हणून ते पडक्या वाड्यात भुतं शोधायला केटू मीटर नावाचं यंत्र घेऊन फिरणारे दादालोक मला आवडत नाहीत. एक तर ते गप्प बसत नाहीत. दुसरं, ते यंत्र विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजतं. भिंतीतल्या वायरीजवळ, मोबाइलजवळ नेलं तरी त्याचे दिवे लागतात. आमच्या मागांच्या मोटारीजवळ धरलं असतं तर अख्ख्या गल्लीत भुतंच भुतं निघाली असती.

आवडणारा एकच सांगायचा तर 'लाइट्स आउट'. स्वीडनच्या डेव्हिड सँडबर्गनं 2013 मध्ये बायकोला, लोट्टा लोस्टेनला घेऊन घरातच केला. तीन मिनिटांचासुद्धा नाही, संवाद नाही. बाई बटण बंद करते तर बोळात कुणीतरी उभं. चालू करते तर कुणी नाही. पुन्हा बंद. बस. 2016 मध्ये त्याचा मोठा सिनेमा आला, पण तिथे भुताची सगळी कुंडली मांडलीय. कुंडली कळली की माझी भीती गेली.

'तुंबाड'चं निराळं. 2018 ला आला तेव्हा थिएटरात आम्ही मोजून नऊ जण. 2024 ला पुन्हा लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. त्यात पाऊस थांबतच नाही, आणि लोक म्हणतात तो पाऊसच भीतिदायक. आमच्याकडे वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पडतो हो. तसा पाऊस सोलापुरात लागला तर लोक पेढे वाटतील. मला भावली ती दिग्दर्शक राही बर्वेंनी सांगितलेली हकीकत. 1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं त्यांना भयकथाकार नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली, ती डोक्यात बसली आणि पुढे त्यातून हा सिनेमा झाला. वाचली नव्हती, ऐकली होती. मी म्हणते ते हेच.

आणि खरी घाबरले कधी, तर चौथीत असताना. कर्नाटकातून तेव्हा एक बातमी पसरत आली होती. रात्री एक बाई दार वाजवते, आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते, दार उघडलं की संपलं. उपाय एकच. दारावर 'नाळे बा' लिहायचं. कन्नडमध्ये, उद्या ये. ती वाचते, परत जाते. दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा तेच वाचते.

"अव्वा, तिला वाचता येतं?" मी विचारलं.

कात्री थांबली. "दय्यमला येतंय पिल्ला. मलाच येत नाही."

मग सुपाखालून खडू काढून त्यांनी माझ्या हातात दिला. मी त्यांच्या दारावर माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलं, नाळे बा. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, शेंगदाण्याचा लाडू दिला.

रात्री अंथरुणात लक्षात आलं. बाई कर्नाटकातली, आणि मी लिहिलं होतं मराठी अक्षरात. तिला वाचता आलं नाही तर? उठून आईला सांगावं तर दार उघडावं लागणार. इतक्यात लाइट गेली. माग थांबले. शेजारी अव्वांची कात्री चालू आहे का, ते ऐकत मी पडून राहिले.