टाकी भरत असताना

तेल आणि वायू क्षेत्रातील सांडलवंड म्हटली की २०१० साली मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवरील स्फोटानंतर ८७ दिवस वाहत राहिलेले तेल बहुतेकांना आठवते. प्रत्यक्ष कामावर मात्र डिझेल, ड्रिलिंग मड (विहीर खोदताना वापरायचा चिखलासारखा द्रव) किंवा कच्चे तेल सांडते ते बहुधा फार साध्या कारणांनी, आणि तेही द्रव एका ठिकाणाहून दुसरीकडे जात असताना: टँकरमधून टाकीत, पुरवठा जहाजावरून रिगवर, एका मड पिटमधून (मड साठवण्याच्या टाकीतून) दुसऱ्या पिटमध्ये. म्हणून प्रतिबंधाचा विचार पंप सुरू होण्याच्या आधीच व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

टाकीत ४० घनमीटर जागा शिल्लक असेल आणि पंप ताशी ६० घनमीटर देत असेल, तर ४० मिनिटांत टाकी काठोकाठ भरणार. हे गणित शाळकरी आहे. तरीही ते लॉगबुकात लिहिलेले क्वचितच दिसते. ते लिहिलेले असेल, तर अर्धा तास उलटूनही पातळी दाखवणाऱ्या गेजवरचा आकडा हलत नाही हे पाहून ऑपरेटरला शंका येते. लिहिलेले नसेल, तर गेज दाखवील ते खरे.

ब्रिटनमधील बन्सफील्ड येथील इंधन डेपोत ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे हेच घडले. टाकी क्रमांक ९१२ मध्ये पेट्रोल येत राहिले आणि पातळी दाखवणारे गेज मात्र एकाच आकड्यावर अडकून बसले. ऑगस्टअखेरीस टाकी पुन्हा वापरात आल्यापासून ते १४ वेळा असे अडकले होते. अशा वेळी टाकी भरणे आपोआप थांबवण्यासाठी वेगळा उच्च-पातळी स्विच बसवलेला होता. पण त्याची चाचणी-कळ योग्य स्थितीत धरून ठेवणारे कुलूप लावलेलेच नव्हते, कारण ते कुलूप केवळ छेडछाड टाळण्यासाठी असते असा समज होता. त्यामुळे स्विच निकामी राहिला आणि अडीच लाख लिटरहून अधिक पेट्रोल टाकीच्या माथ्यावरून बाहेर पडले. त्याच्या वाफांचा ढग पसरला आणि सहाच्या सुमारास स्फोट झाला. मृत्यू कोणाचाही झाला नाही, हे केवळ रविवारच्या पहाटेचे नशीब. इथे उपकरणे कमी नव्हती. वारंवार अडकणाऱ्या गेजची सवय होऊ दिली गेली, हे मला उपकरणांच्या कमतरतेहूनही भयंकर वाटते.

होज (लवचिक नळ्या) आणि जोडण्यांकडेही असेच सवयीने दुर्लक्ष होते. दोन इंची ६०२ आणि १५०२ या वेगवेगळ्या दाब-वर्गांचे हॅमर युनियन, म्हणजे हातोड्याने घट्ट करायच्या पाइप-जोडण्या, दिसायला इतके सारखे असतात की चुकीची जोडीही हातोड्याने घट्ट बसवता येते. कमी दाबाखाली ती टिकतेही, आणि मग दाब वाढताच एकाएकी सुटते. सुटणारा तुकडा माणसाचा जीव घेऊ शकतो. सांडलेला द्रव ही त्यापुढे किरकोळ बाब. वर्गाचा शिक्का वाचता येत नसेल, तर ते युनियन वापरातून काढावे. होज सोडवतानाही आधी दाब उतरवावा, आत उरलेला द्रव काढून घ्यावा आणि मोकळ्या तोंडाला टोपण लावावे.

एवढे करूनही सांडलेच, तर डाइक, म्हणजे टाक्यांभोवती भिंत घालून केलेले आवार, असते. सर्वांत मोठ्या टाकीच्या क्षमतेच्या ११० टक्के द्रव मावेल एवढे ते असावे, हा प्रचलित ठोकताळा. बन्सफील्डला भिंतींच्या सांध्यांतून इंधन आणि आग विझवण्याचे पाणी झिरपून भूजलापर्यंत पोहोचले, म्हणून सांधे आणि पाइप आरपार जाणाऱ्या जागा नियमित तपासाव्यात. पावसाचे पाणी काढण्यासाठी उघडलेला डाइकचा निचरा व्हॉल्व्ह तसाच राहिला, तर भिंत असून नसल्यासारखी. तो एरवी बंद आणि कुलूपबंद असावा. उघडण्यापूर्वी पाण्यावर तवंग आहे का ते पाहावे, पाणी उतरेपर्यंत माणसाने तिथेच उभे राहावे आणि बंद केल्याची वेळ सहीनिशी नोंदवावी. शिफ्ट बदलणार असेल, तर व्हॉल्व्ह आधी बंद करून मगच ताबा द्यावा.