दाद द्यायला बंदी

मैफलीच्या पत्रिकेच्या तळाशी ठळक छापलं होतं: कृपया टाळ्या वाजवू नयेत. गुड फ्रायडेला इथे जर्मनीतल्या बव्हेरियात डिस्कोतल्या नाचावरही कायद्यानं बंदी असते, तेव्हा चर्चमध्ये शांतता हवी हे एकवेळ मान्य. पण हायडन या ऑस्ट्रियन संगीतकाराची ‘अखेरची सात वचनं’, म्हणजे क्रुसावरच्या येशूच्या सात उद्गारांवरची रचना, ऐकायची आणि हात मांडीवर ठेवून बसायचं? आपल्याकडे समेला मान न हलवणारा श्रोता म्हणजे एकतर बहिरा, नाहीतर दुसऱ्या घराण्याचा.

रचना मुळात स्पेनमधल्या कादिझसाठीची. तिथे भिंती, खिडक्या, खांब काळ्या कापडानं झाकत. बिशप एकेक वचन सांगून प्रवचन करी, मग वेदीपुढे गुडघे टेकी; तेवढा वेळ संगीत. म्हणजे सात विलंबित, एकापाठोपाठ एक! श्रोत्यांना कंटाळा येऊ न देणं सोपं नव्हतं, असं हायडननंच लिहून ठेवलंय. 1787 मध्ये त्यानं ती क्वार्टेटसाठी, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठी, उतरवली. पुढे आमच्या या पासाऊ गावात इथला संगीतप्रमुख योझेफ फ्रीबर्टनं तिला शब्द घातलेले त्यानं ऐकले आणि 1796 मध्ये स्वतःची गायनवृंदाची आवृत्ती केली. गावाला याचा अभिमान आहे. भाडं भरत असल्यानं थोडा मलाही.

यंदा चार वाद्यं आणि चार गायक. मांडणी नवी, इथल्याच एका ऑर्गनवादकाची. मी नाक मुरडतच गेले. पहिल्या व्हायोलिनच्या सुरावटीखाली हायडननं लॅटिन वचनं मुळातच लिहिलेली आहेत. सूर शब्दांवरच बेतलेत. डी. के. दातारांचं गायकी अंगाचं व्हायोलिन ऐकत वाढलेल्यांना तेच पुन्हा गाऊन कशाला दाखवायचं? पहिली चार वचनं मला ठिगळंच वाटली.

मग पाचवं, ‘सितिओ’, मला तहान लागलीय. बाकीची वाद्यं नुसत्या तारा छेडतात आणि वर दोनच सूर उतरतात: ग, सा. इथे तिघं गायक गप्प. एकटी सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका, आवाजात जरासुद्धा कंप नाही. आपल्या भूपातही हेच ग-सा येतात, पण इतके कोरडे मी कधी ऐकले नव्हते. माझ्या तोंडून ‘वा!’ निघालं. पुढच्या बाकावरचे दोघे वळले. वळू देत. सवाई गंधर्वला लोक वडापाव खातात हे खरं, पण कुठे थांबायचं आणि कुठे ‘क्या बात है’ म्हणायचं, हे त्यांना पत्रिकेत छापून सांगावं लागत नाही.

शेवटी ‘भूकंप’ हा भाग, प्रेस्टो म्हणजे अतिद्रुत, पूर्ण ताकदीनं. बाकं हादरली असतील. त्यानंतर मंडळी मुकाट्यानं कोट चढवून निघाली.

दुसऱ्या दिवशी मी त्या ऑर्गनवादकाला मेल केली: पाचव्याला हात लावू नका, पहिल्या चारांतले गायक मात्र काढा.