शिंप्याच्या कपाटातली पलटण

पुलगाव स्टेशनवर उतरलो तेव्हा माझ्या सॅकमध्ये चार जवान, सात रायफली आणि एक हलकी मशिनगन होती. सगळ्यात लांब रायफल १९ सेंटीमीटरची, वीतभरही नाही. पण पुलगाव म्हणजे लष्कराचा मोठा दारूगोळा डेपो असलेलं गाव. आणि सॅकच्या चेनमधून एक नळी बाहेर डोकावतेय हे मला कळलं ते फलाटावरच्या एका खाकी वर्दीनं "हे काय व्हय?" असं विचारल्यावर. बाहुल्या आहेत म्हणालो. चाळिशीतल्या, मिशा असलेल्या माणसाच्या तोंडी ते उत्तर कसं वाटलं असेल ते असो. एक जवान बाहेर काढून दाखवला. त्यांनी तो उलटसुलट केला, गुडघा वाकवून पाहिला. "पोरासाठी नेऊन राह्यले का?" मी हो म्हणून टाकलं. मला मुलगी आहे आणि ती या जवानांकडं ढुंकूनही पाहत नाही.

तेव्हा पहिली सूचना इथंच. हत्यारं जवानांच्या हातातून काढून जेवणाच्या डब्यात भरा आणि डबा सॅकच्या तळाला ठेवा. आणि पुलगावात डेपोच्या बाजूला कॅमेरा काढू नका, मोबाइलचासुद्धा नाही.

चाललो होतो असेच छोटे जवान बनवणाऱ्या एका शिंप्याकडं. आर्वी तालुक्यातलं गाव आहे. नाव देत नाही, कारण भाऊंची तशी अट आहे. "माह्या घरी पाच माणसं बसतीन इतकीच जागा हाय," ते फोनवर म्हणाले होते. ज्यांना खरंच जायचंय त्यांना आपल्या छंदवाल्यांकडून नंबर मिळेल. पण फोन केल्याशिवाय जाऊ नका. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी गणवेशांचा ढीग असतो, लग्नसराईत मशीन रात्री अकरापर्यंत चालतं. मी डिसेंबरात गेलो, कापसाच्या वेचणीच्या दिवसांत. तेव्हा गावात दुपारी चिटपाखरू नसतं आणि भाऊंना बोलायला वेळ असतो.

नागपूरहून पुलगाव शंभरएक किलोमीटर. सगळ्या गाड्या इथं थांबत नाहीत, तिकीट काढायच्या आधी तेवढं पाहा. पुढं आर्वीकडं जाणारी लाल गाडी. एके काळी पुलगाव ते आर्वी छोट्या रुळांची रेल्वे होती, ती आता जुन्या माणसांच्या बोलण्यातच धावते. कंडक्टरला फाट्याचं नाव सांगून मी निर्धास्त झालो, निर्धास्त झाल्यावर झोपलो आणि दोन थांबे पुढं जाऊन उतरलो. परत यायला एका कापसाच्या गाठोड्यांच्या टेम्पोत जागा मिळाली. त्यामुळे पोचलो तेव्हा मी स्वतःच सियाचीनवरून आल्यासारखा दिसत होतो. चारचाकीनं येणाऱ्यांना समृद्धी महामार्गावरून विरुळला उतरता येतं. दुचाकीवाल्यांनी तो विचार सोडा, समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही.

घर साधंच. पुढं दुकान, त्यात दोन शिवणयंत्रं, मागं माजघर आणि माजघराच्या उत्तरेच्या भिंतीला सागवानी कपाट. कपाट उघडायच्या आधी वहिनींनी पोहे दिले, वर झणझणीत तर्री. भाऊंनी हात धुवायला लावले. "तेलाचा हात लागला का वर्दीवर डाग पडते, मंग मी कोनाले बोलू?" हे सगळ्यांना लागू आहे. खाऊन झाल्यावर साबणानं हात धुवा, आणि भाऊ हातात देतील तेवढंच हातात घ्या.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगून ठेवतो. या जवानांचं प्रमाण एकास सहा. सहा फुटी माणूस बारा इंचांचा होतो. १९६४ साली हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीनं अमेरिकेत जी. आय. जो हा बारा इंची शिपाई आणला, तेव्हा मुलगे बाहुली घेणार नाहीत या धास्तीनं त्याला 'ॲक्शन फिगर' म्हणायची प्रथा पाडली. १९८२ पासून पावणेचार इंची आले. आपल्यापैकी बहुतेकांच्या लहानपणी हाती पडले ते हे छोटे, फनस्कूलनं भारतात काढलेले. भाऊंच्या कपाटात खालच्या फळीवर ते आहेत, बाविसेक असतील. त्यांचं धड आणि पाय आतल्या एका रबरी रिंगवर तोललेले असतात. पंचवीस-तीस वर्षांत ती रिंग तुटते आणि शिपाई कमरेत दोन होतो. मी या रिंगा परदेशातून मागवत होतो. भाऊंनी फवारणी पंपाच्या वॉशरचा डबा समोर ठेवला. कृषी केंद्रातून आणलेला. त्यातली मापाची रिंग शोधायला दहा मिनिटं लागली, बसवायला दोन. माझे किती पैसे वाया गेले ते इथं लिहीत नाही.

पण खरा माल वरच्या दोन फळ्यांवर आहे, बारा इंची.

मी दुकानं पाहिली आहेत, नागपूर-मुंबईतले दोन-तीन संग्रहही पाहिले आहेत. तिकडं डबा उघडलेला नाही याचं कौतुक असतं. भाऊंकडं एकही डबा नाही. काही धडं आठवडी बाजारातल्या मोडक्या बाहुल्यांची, काही कुणी दिलेली, तीन-चार चांगली मागवलेली. डोकी दुसऱ्याची, हात तिसऱ्याचे. उकळत्या पाण्यात मान दोन मिनिटं धरली की प्लास्टिक मऊ पडतं आणि डोकं अलगद निघतं. ओढून काढाल तर खुंटी तुटेल. खांद्याची भर एम-सीलनं केलेली, वरून घासकागद. इथवर आपण सगळेच करतो. फरक कापडात आहे.

सहापटीचा हिशेब भाऊंनी मला एका चिंधीवर समजावला. खऱ्या वर्दीचं कापड अर्धा मिलिमीटर जाड धरलं, तर या जवानाच्या अंगावर ते तीन मिलिमीटरचं दिसतं. म्हणजे गोधडी. म्हणून खाकीसाठी ते अस्तराचं कापड घेतात, जुनं, धुऊन धुऊन विरलेलं. नवीन कापडाला घडी पडत नाही, ते फुगतं. टाक्यांचंही तसंच. शर्टाला इंचात दहा-बारा टाके असतात. सहापट बारीक करायचे तर इंचात साठ-सत्तर घालावे लागतील, आणि तितक्यात कापड फाटून सुईच्या मागं जाईल. मग? "मंग शिवाचंच नाही." शर्टाच्या काठाला, खिशाच्या झाकणाला, कॉलरला पातळ फेविकॉल, वर गरम इस्त्रीचं टोक. तीस वर्षं शिवणकाम केलेला माणूस इथं सुई बाजूला ठेवतो. टाका फक्त बगलेत आणि पायांच्या मधे, जिथं ताण येतो आणि नजर जात नाही. मी आजवर माझ्या जवानांच्या खिशांवर टाके किती छान दिसतात हे लोकांना दाखवत आलो होतो. गप्प बसलो.

गुंड्यांसाठी त्यांनी आधी मोहरी लावून पाहिली होती. माप अगदी बरोबर, दोन मिलिमीटरच्या आत. पण दोन महिन्यांत मुंग्या लागल्या. आता फॅब्रिक पेंटचा थेंब. वेबिंगचे, म्हणजे जवान अंगावर सामान अडकवतो ते पट्टे नाड्याच्या फितीचे, चहाच्या पाण्यात उकळून वर हिरव्याचा हात. बकल थंड पेयाच्या डब्याच्या पत्र्याचं. बूट जुन्या पाकिटाच्या चामड्याचे. हे सगळं सुरू झालं तान्ह्या पोळ्यापासून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात. भाऊ मुलींच्या बैलांना झुली शिवायचे, दरवर्षी आधीपेक्षा बारीक कलाकुसरीच्या. मुली मोठ्या झाल्या, बैल माळ्यावर गेले, हाताला लागलेली सवय राहिली.

वरच्या फळीवर मधोमध नाईक यशवंत घाडगे उभे आहेत. इटली, १० जुलै १९४४, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. त्यांच्या तुकडीतले बाकीचे पडले, तेव्हा ते एकटे मशिनगनवर धावून गेले. ग्रेनेड टाकला, टॉमी गन चालवली आणि मॅगझिन बदलायला उसंत नाही म्हणून तीच गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर चालून गेले. पुढं दुसऱ्या ठिकाणाहून आलेल्या गोळ्यांनी ते गेले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. बहुतेक जण हा प्रसंग करायचा म्हटलं तर गोळी झाडताना करतील. भाऊंनी गन उलटी धरलेली दाखवली आहे. हेल्मेट इतकं खाली ओढलंय की चेहरा सावलीत जातो. "त्याईचा चेहरा मले जमला नसता. खोटा कायले करू?"

शेजारी लान्स नाईक अल्बर्ट एक्का, १४ गार्ड्स, १९७१ ची गंगासागरची लढाई, परमवीरचक्र. ते झारखंडचे, तरी गार्ड्सचं केंद्र आपल्या कामठीला म्हणून इकडं त्यांचं नाव घरच्यासारखं घेतात. बाहीवर लान्स नाईकची एकच फीत, ती भाऊंनी पांढऱ्या दोऱ्याची एक-एक तार चिकटवून केलीय. भिंगाशिवाय दिसत नाही. भिंग बरोबर न्या, त्यांच्याकडं एकच आहे आणि ते त्यांना लागतं.

सियाचीनच्या जवानाखाली बर्फ आहे. कापसाच्या मुलखात कापूस वापरला असेल असं मला वाटलं. भाऊ हसले. कापसाचा बर्फ नाताळच्या देखाव्यातला दिसतो म्हणे. ही पांढरी रांगोळी, फेविकॉलच्या पाण्यात कालवून पसरलेली.

मग माझी पाळी. मी १९६२ चा एक जवान नेला होता, नेफाच्या, म्हणजे आताच्या अरुणाचलच्या आघाडीवरचा, हातात सेल्फ लोडिंग रायफल, एसएलआर. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम. भाऊंनी तो खूप वेळ पाहिला, बुटांना "झकास" म्हणाले, मग हातातली रायफल हळूच काढून घेतली आणि आपल्या खणातली एक थ्री-नॉट-थ्री बसवली. काही बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. १९६२ ला आपल्या पायदळाच्या हातात प्रामुख्यानं थ्री-नॉट-थ्रीच होती, एसएलआर त्यानंतरची. हे मला माहीत होतं हो. पण एसएलआर माझ्याकडं होती आणि थ्री-नॉट-थ्री नव्हती. या छंदातल्या निम्म्या चुका अशाच होतात.

भाऊंच्या चुका काढणाराही एक आहे. गावातलाच एक पोरगा फौजेत आहे. सुट्टीवर आला की आधी कपाट तपासतो. पाण्याची बाटली चुकीच्या बाजूला, बाही एवढी वर दुमडत नाहीत, असं सांगून जातो आणि पुढच्या सुट्टीत दुरुस्ती झाली का पाहतो. त्याच्या वडिलांनी भाऊंकडं एकदा मुलाचा जुना, विटलेला वर्दीचा शर्ट आणून दिला. याच कापडातून माझा पोरगा कर, म्हणाले. भाऊंनी जाडीचं गणित सांगून पाहिलं, म्हातारा ऐकेना. तो जवान कपाटात नाही, दुकानातल्या शिवणयंत्रावर आहे. बाह्या लाकडासारख्या ताठ, कॉलर कानापर्यंत. प्रमाणाच्या नावानं बोंब. म्हातारा रोज संध्याकाळी येऊन त्याच्यासमोर बिडी ओढत बसतो. मी गेलो त्या दिवशीही होता.

नव्या वर्दीचा जवान मात्र भाऊंकडं एकच आहे आणि तो विकायचा नाही, द्यायचा नाही. १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनाला दिसलेला तो चौकोनी ठिपक्यांचा नमुना सेनेनं आपल्या नावावर नोंदवून घेतलेला आहे. कुणी "मलाही एक करून द्या" म्हणून आग्रह करू नये. किमतीचंही तेच. भाऊ विकत नाहीत. अदलाबदल करतात, तीही मनात आली तर.

उन्हाळ्यात जाऊ नका, हे तुमच्यापेक्षा तुमच्या जवानांसाठी सांगतोय. मे महिन्यात इकडं पारा पंचेचाळीसच्या वर जातो. बंद गाडीत ठेवलेला जवान घोट्यातून वाकतो आणि मग आयुष्यभर झुकून उभा राहतो. असे दोन भाऊंकडं आहेत, त्यांना ते "थकेल" म्हणतात. पावसाळ्यात वेगळा त्रास. दमट हवेत मॅट वार्निशचा फवारा मारला की पांढुरकी साय धरते. फेविक्विकही पांढरं पडतं. प्रवासात बबलवाला प्लास्टिक कागद थेट रंगावर गुंडाळू नका, उष्णतेनं त्याचे गोल ठसे उठतात. जुनं मलमल घ्या. आणि कपाटात डांबरगोळ्या? अजिबात नको. भाऊंनी कसरीसाठी त्या ठेवल्या होत्या, तर काही पिस्तुलं गुळासारखी मऊ पडून फळीला चिकटली. आता कडुनिंबाचा पाला ठेवतात, महिन्याला बदलतात.

फोटो विचारून काढा, फ्लॅश नको. दुपारी वीज जाते, तेव्हा दाराशी टेबल ओढून उन्हाच्या कडेला काढलेले माझे फोटो सगळ्यात चांगले आले. लहान मुलं न्यायला हरकत नाही, त्यांच्यासाठी खालची फळी मोकळी असते.

जेवण वहिनींनी वाढलं. भाकर, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा. मी नागपूरहून संत्रा बर्फी नेली होती, ती आनंदानं घेतली, पण भाऊंचा चेहरा खुलला तो माझ्या सासऱ्यांचं फाटकं चामडी पाकीट पाहून. तेव्हा मिठाई न्या, पण सोबत घरातलं मोडकं सामान न्या. बंद पडलेली घड्याळं, जुनी पाकिटं, विरलेली धोतरं.

परतीची शेवटची गाडी फाट्यावर लवकर येते, अंधार पडायच्या आतच निघा. फाटकापर्यंत भाऊ सोडायला आले. माझी एसएलआर त्यांच्याच खिशात राहिली होती, ती मागितली. "राहू द्या ना. एकाहत्तरच्या एका पोराले पाह्यजे हाय," म्हणाले. बदल्यात थ्री-नॉट-थ्री माझी झाली. वर, पुढच्या खेपेला जुन्या छत्रीचं कापड आणा म्हणाले, पावसाळी पोंचोसाठी. काळं नको, हिरवं असलं तर बरं.

हिरव्या छत्र्या हल्ली मिळत नाहीत. एक सापडली आहे, पण ती शेजारच्या आजींची आहे आणि त्या अजून ती वापरतात.